पाटाच्या कडेची ब्राह्मी

प्रश्न: आमचं शेत बारामतीकडे आहे, पाटाच्या कडेला जिथं पाणी झिरपतं तिथं एक बारीक वनस्पती जमिनीलगत पसरलीय, पानं इवलीशी पण जाड, फुलं पांढरी, जरा जांभळट झाक असलेली. फोटो पाठवलाय. शेजारचे काका म्हणतात ब्राह्मी. पण आईच्या कुंडीतल्या ब्राह्मीची पानं तर गोल आहेत! खरी कुठली? आणि ही तेलात घातली तर चालेल का?

उत्तर: काकांचं बरोबर आहे. फोटोतली नीरब्राह्मी, म्हणजे बाकोपा मोनिएरी. आईच्या कुंडीतली बहुतेक मंडूकपर्णी असणार, आपल्याकडे घरोघरी तिलाच ब्राह्मी म्हणतात आणि नर्सरीवालेही त्याच नावाने देतात, त्यामुळे आईंना काही बोलू नका. दोघींचं नातं मात्र काही नाही, मंडूकपर्णी कोथिंबिरीच्या कुळातली, पान लांब देठावर आणि फुलं इतकी बारीक की पानाखाली लपूनच जातात.

खरा घोळ होतो तो जलपिंपळीशी. तीही अशाच ओलीत, अशीच पेरापेराला मुळं सोडत पसरते. फूल असेल तर प्रश्नच नाही: नीरब्राह्मीला पानाच्या बगलेतून एका देठावर एकच फूल येतं, पाच पाकळ्यांचं दिसणारं, आणि जलपिंपळीला लांब दांडीवर गच्च बोंड, त्याच्याभोवती बारीक फुलांचं कडं. फुलं नसतील तेव्हा पानाची कड बघायची, जलपिंपळीच्या पानाला टोकाकडे दाते असतात, नीरब्राह्मीची कड साधी. तुमच्या फोटोत दाते नाहीत आणि फूलही एकटंच आहे, म्हणून मी एवढं ठाम सांगतोय.

आता तेलाचं. त्या पाटात पाणी कुठनं येतं ते आधी बघा, वरच्या बाजूला सांडपाणी मिसळत असेल तर तिथली अजिबात घेऊ नका. ही वनस्पती पाण्यातलं कॅडमियम, शिसं वगैरे ओढून अंगात साठवते. त्यापेक्षा दोन-चार पेरांच्या काड्या आणून चांगल्या मातीत लावा, भोक नसलेला पसरट टब घ्या, माती कायम चिखल राहिली पाहिजे. लावलेल्या जुन्या काड्या सोडून नवीन फुटलेले शेंडेच वापरा. तेलाला ठीक, पण पोटात घ्यायची असेल आणि आधीच कुठली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उन्हाळ्यात टब अर्ध्या सावलीत सरकवा, नाहीतर दुपारच्या उन्हात माती वाळते आणि शेंडे करपतात.