मार्क चारदा लिहिले, पोरीचं म्हणणं एकदाच

जुळे सोलापूरमधून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, 71 टक्के. आजोबांची जुनी सतार खोलून बसते, म्हणते जुनी वाद्यं सुधारायची, सगळी एका स्टँडर्डला आणायची. "सर, कॉम्प्युटरला घालायचं ठरलंय, तिला जरा समजावा."

दादा, ठरलंय म्हणजे कुणी ठरवलं? तुमच्या पत्रात 71 टक्के चारदा आलंय, पाहुण्यांना काय सांगू हे दोनदा, आणि पोरीचं म्हणणं एकाच ओळीत, तेही तक्रार म्हणून. खोललेली सतार तिने परत जोडली का, ते लिहिलंच नाही की हो. मला तर तेवढंच विचारायचं होतं. समजवायचं काम माझ्याकडून होणार नाही.

सीईटी देऊ द्या, यूसीड या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेचाही फॉर्म भरा, तिथून डिझाइनला जाता येतं. बास.

आता पोरीसाठी. स्टँडर्ड म्हणजे सगळे सूर एकदाचे पक्के करून टाकायचे असं तुझ्या डोक्यात असेल तर ते काढ. चीनमधलं गुझेंग हे तारांचं वाद्य बघ, 1960 च्या दशकात त्याच्या 21 तारा ठरल्या, रेशीम जाऊन नायलॉन गुंडाळलेल्या स्टीलच्या तारा आल्या कारण मोठ्या हॉलमध्ये आवाज पोचायला पाहिजे होता, पण प्रत्येक तारेखालची, तार पेलणारी घोडी त्यांनी सरकतीच ठेवली. आपल्या सतारीचे पडदेपण दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवतात. ते ठोकून बसवले की झाली हार्मोनियमची पेटी, आणि पक्क्या सुरांची म्हणून पेटीवर आकाशवाणीने 1940 ते 1971 बंदी घातली होती, एवढी ही भानगड जुनी आहे. तारांची जाडी ठरव, खुंट्या घसरणार नाहीत असं काहीतरी शोध. जवारी, म्हणजे घोडी घासून तारेला आणलेला झंकार, मात्र कानाने काढतात, तिथे मोजमाप आणायचं तर आधी कान तयार पाहिजे, आणि तो कुठल्या कॉलेजात मिळत नाही.

म्हणून दादा, ॲडमिशनचं नंतर बघू, सुट्टीत तिला आठवडाभर मिरजेला न्या, सतारमेकर गल्लीत बसू द्या. 2024 मध्ये तिथल्या सतारीला अन् तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. कुर्डुवाडीवरून रेल्वे आहे, वाटेत पंढरपूर लागतं, मिरजेच्या सतारीचे भोपळे त्याच भागातल्या शेतातले, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. पाहुण्यांना वाटलं तर हेच सांगा.

आणि ती सतार वाजते का, तेवढं कळवा.