इलेक्ट्रिक कार निवडताना चार्जिंगचा वेग, रेंज (एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर) आणि कार्यक्षमता यांपैकी आधी काय पाहावे?

आधी कार्यक्षमता, म्हणजे ठरावीक अंतराला गाडी किती वीज खाते ते पाहावे, कारण उरलेले दोन्ही आकडे बऱ्याच अंशी तिच्यावरच अवलंबून असतात. समजा, दोन गाड्यांची बॅटरी ६० किलोवॅट-तासांची आहे आणि दोन्ही १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत अर्ध्या तासात चार्ज होतात. म्हणजे प्रत्येकीत ४२ किलोवॅट-तास वीज भरली जाते. पण १०० किलोमीटरसाठी एकीला १५ आणि दुसरीला २० किलोवॅट-तास लागत असतील, तर तेवढ्याच थांब्यात पहिलीची २८० किलोमीटरची, तर दुसरीची २१० किलोमीटरचीच बेगमी होते.

जाहिरातीतल्या चार्जिंगच्या कमाल किलोवॅटच्या आकड्याला मी फारसे महत्त्व देत नाही. तो वेग बहुधा थोडाच वेळ टिकतो आणि ८० टक्क्यांनंतर तर चार्जिंग बरेच मंदावते. विक्रेत्याला १० ते ८० टक्क्यांना लागणारा वेळ विचारावा. घोषित रेंज ही चाचणीतली असते. महामार्गावर ताशी ११०-१२० किलोमीटर वेगाने किंवा कडाक्याच्या थंडीत ती लक्षणीय घटते. रोजचा प्रवास ५०-६० किलोमीटरचा असेल आणि गाडी रात्री घरीच चार्ज होणार असेल, तर केवळ जलद चार्जिंगसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.