आधी सिझर, आता नॉर्मल: गरोदरपणात करायची तयारी

पहिलं सिझर झाल्यावर दुसऱ्या खेपेला नॉर्मल बाळंतपण होईल का, असं विचारणारी तुमची बरीच पत्रं आली आहेत. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते.

प्रश्न : पहिलं बाळ पायाळू होतं म्हणून सिझर झालं. आता चौथा महिना चालू आहे. घरातले म्हणतात, एकदा सिझर म्हणजे कायम सिझर. खरं का?

हे वाक्य १९१६ सालचं आहे. न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांचं. तेव्हा गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घ्यायचे आणि पुढच्या वेळी कळा देताना तो उसवण्याची भीती मोठी असायची. म्हणून पहिलंच सिझर करताना दहा वेळा विचार करा, असं ते डॉक्टरांना बजावत होते. तो इशारा मागे पडला आणि अर्धं वाक्य मात्र घराघरांत राहिलं.

आता बहुतेक सिझर गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेऊन होतात. असा एकच छेद असलेल्या आणि ठरवून नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या १०० जणींपैकी साधारण ६० ते ८० जणींचं बाळंतपण नॉर्मल होतं. आधी एकदा तरी नॉर्मल झालेलं असेल, तर हा आकडा ८५ ते ९० पर्यंत जातो. तुमचं सिझर बाळ पायाळू असल्यामुळे झालं होतं. या वेळी बाळ डोक्याकडून असेल तर ते कारणच उरत नाही. तेव्हा डॉक्टरांशी नॉर्मलबद्दल आत्ताच बोला, नवव्या महिन्याची वाट पाहू नका.

प्रश्न : माझ्या पोटावरची खूण आडवी आहे. म्हणजे आतला छेदही आडवाच असणार ना?

तसं गृहीत धरू नका. कातडीवरची खूण आडवी असूनही आत गर्भाशयावर उभा छेद असू शकतो, विशेषतः बाळ फार लवकर जन्मलं असेल तर. त्यामुळे तुमच्या तयारीतलं सगळ्यात मोलाचं काम कागदाचं आहे. मागच्या ऑपरेशनची नोंद मिळवा. डिस्चार्ज कार्डावर अनेकदा नुसतं ‘एलएससीएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे खालच्या भागावरचं सिझर. तेवढ्यावर थांबू नका. मूळ नोंदीत छेद कुठे आणि कसा घेतला, बाळ काढताना तो वर किंवा बाजूला फाटला का, गर्भाशयाचं तोंड किती सेंटीमीटर उघडलेलं होतं, सिझर का करावं लागलं, हे सगळं असतं. बाळाचं वजन आणि नंतर ताप किंवा संसर्ग झाला होता का, हेही पाहा.

हॉस्पिटल बदललं असेल तर जुन्या ठिकाणी लेखी अर्ज करा, आणि तो पहिल्या तीन महिन्यांतच करा. शेवटच्या घाईत जुनी फाइल सापडत नाही, आणि छेद कसा होता हेच कळलं नाही तर डॉक्टरांचा हात आखडतो. वरचा उभा छेद असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करत नाहीत. तिथे हट्ट धरू नका.

प्रश्न : टाके उसवतील या विचाराने झोप लागत नाही. नक्की धोका किती?

खालच्या भागावर एकच आडवा छेद असेल आणि कळा आपोआप सुरू झाल्या, तर साधारण २०० जणींमध्ये एकीला हे घडतं. घडलं तर ते आई आणि बाळ दोघांसाठी गंभीर असतं, म्हणून भीती वाटणं चूक नाही. पण ही भीती घरी मनात घोळवत बसण्यापेक्षा हॉस्पिटलमध्ये प्रश्न म्हणून विचारा. कळा सुरू असताना बाळाचे ठोके मशीनवर सतत पाहणार का? रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर तयार असतात का? रक्ताची सोय आहे का? गर्भाशयाची पिशवी उसवत असल्याची पहिली खूण बहुतेक वेळा बाळाच्या ठोक्यांत दिसते. तेव्हा या उत्तरांवर बरंच काही अवलंबून आहे. एखाद्या उत्तरावर टाळाटाळ झाली तर मी ठिकाण बदलायला सांगेन.

दुसरी बाजूही बघा. प्रत्येक सिझरगणिक पुढच्या गरोदरपणात वार (प्लासेंटा) जुन्या छेदावर खोल रुतून बसण्याचा धोका वाढत जातो. आणखी मुलं हवी असतील तर हा मुद्दा छोटा नाही.

प्रश्न : पहिलं मूल १४ महिन्यांचं आहे आणि मला तिसरा महिना संपतोय. अंतर कमी पडेल का?

एका बाळंतपणापासून दुसऱ्या बाळंतपणापर्यंतचं अंतर मोजा. ते १८-१९ महिन्यांपेक्षा कमी असेल तर पिशवी उसवण्याचा धोका वाढतो. तुमचं अंतर सुमारे २० महिने होईल. निव्वळ या कारणाने नॉर्मलचा विचार सोडू नका.

प्रश्न : कोणते व्यायाम केले, काय खाल्लं म्हणजे नॉर्मल होईलच?

‘होईलच’ अशी खात्री देणारा व्यायाम नाही, आणि कुणी तशी खात्री विकत असेल तर विश्वास ठेवू नका. आठवड्याला १५० मिनिटं चालणं, हिमोग्लोबिन, साखर आणि वजन आटोक्यात ठेवणं, हे कराच. पस्तिसाव्या आठवड्यापासून योनीमार्गाच्या तोंडाला हलकी मालिश केली तर तिथे टाके पडण्याची शक्यता कमी होते. कळा याव्यात म्हणून एरंडेल वगैरे मनाने घेऊ नका.

प्रश्न : तारीख उलटली तर कळा आणण्याचं औषध चालतं का?

विचारपूर्वक. कळा औषधाने आणल्या तर उसवण्याचा धोका दोन-तीन पट होतो. मिसोप्रोस्टॉल हे औषध तर आधी सिझर झालेल्या बाईला शेवटच्या महिन्यांत कळा आणायला देऊच नये. फुग्याच्या नळीने गर्भाशयाचं तोंड उघडण्याचा पर्याय काही ठिकाणी वापरतात. तारीख उलटल्यावर किती दिवस थांबायचं आणि मग काय करायचं, हे छत्तिसाव्या आठवड्याच्या भेटीत डॉक्टरांशी ठरवून फाइलवर लिहून घ्या.

प्रश्न : एवढं करून पुन्हा सिझरच झालं तर? मला ते सहन होणार नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी कुणी नीट समजावलं नाही, सगळं अंगावर कोसळलं, असं तुम्ही लिहिलंय. जखम तिथे आहे, आणि म्हणून या वेळी सिझरचीही तयारी आधीच करा. सोबत कोण असेल, बाळ लगेच छातीशी देतील का, निर्णय बदलताना तुम्हाला कोण सांगेल, हे लिहून ठेवा. कळा देऊन मग झालेल्या सिझरमध्ये रक्तस्राव आणि संसर्ग ठरवून केलेल्या सिझरपेक्षा थोडा जास्त होतो, हे खरं आहे. सगळं ऐकून तुम्हाला ३९ आठवड्यांनंतर ठरवून सिझर करायचं वाटलं, तर तोही योग्यच निर्णय आहे.

प्रश्न : कळा सुरू झाल्यावर घरी किती वेळ थांबायचं?

फार नाही. नियमित कळा लागल्या किंवा पाणी गेलं की निघा. रक्त जात असेल, दोन कळांच्या मधेही पोटातलं दुखणं थांबत नसेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर कळांची वाट न पाहता निघा. वाटेत फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, ‘माझं आधी सिझर झालेलं आहे.’