मोडेमला रात्रभर जागवू नका

प्रश्न : कोयना खोऱ्यात शेतावर मी स्वतः पर्जन्यमापकाचा लॉगर (आकडे नोंदवून ठेवणारं यंत्र) बसवला आहे. 12 व्होल्ट, 7 एएचची (अँपिअर-तास) एसएमएफ म्हणजे बंदिस्त लेड-अ‍ॅसिड बॅटरी, छोटं सोलर पॅनेल आणि मोबाइल नेटवर्कवरून आकडे पाठवणारा सिम800 मोडेम. उन्हाळ्यात झकास चालतं; जुलैत ऊन गेलं की नऊ-दहा दिवसांत सगळं ठप्प. मोठी बॅटरी घेऊ का? मोडेम बंद ठेवावा, तर हवं तेव्हा रीडिंग मागवायचं कसं? — एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : दुप्पट बॅटरी घेतलीत तर दिवस दुप्पट होतील, दुखणं तेच राहील. आधी हिशेब मांडू.

सिम800 नेटवर्कवर नुसता बसून असला तरी 4 व्होल्टला साधारण 20 मिलिअँपिअर घेतो. बॅटरीच्या बाजूने ते आठेक पडतात. तुम्ही लिहिलेलं नाही, पण व्होल्टेज उतरवायला एलएम2596चं ते निळं मॉड्यूल (कन्व्हर्टर) लावलं असणार. ते काही काम नसतानाही पाचेक खातं. लॉगर धरून एकूण 15. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हातात 3500 मिलिअँपिअर-तास. भागाकार करा : 233 तास, पावणेदहा दिवस. तुमचे नऊ-दहा दिवस हेच!

बरेच जण इथे मोडेमला झोपेत टाकतात आणि निर्धास्त होतात. पण मोडेम झोपला तरी कन्व्हर्टर जागाच. त्याचे पाच मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला 120 मिलिअँपिअर-तास गेले. म्हणून पी-चॅनेल मॉस्फेटचा (लॉगरच्या इशाऱ्यावर चालणारा) स्विच मॉड्यूलच्या आधी, 12 व्होल्टच्या बाजूला लावा. लॉगरला वेगळा, कमी खाणारा रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारी चिप) द्या. एमसीपी1702 घेऊ नका, त्याची मर्यादा 13.2 व्होल्ट आणि चार्जिंगला बॅटरी 14च्या वर जाते. एचटी7533 चालेल.

वीज तोडायचीही रीत आहे. आधी मोडेमला एटी+सीपीओडब्ल्यूडी=1 ही बंद होण्याची आज्ञा द्या, ‘नॉर्मल पॉवर डाउन’ असं उत्तर येऊ द्या, मग स्विच बंद करून वीज तोडा. आणि लॉगरची टीएक्स पिन (मोडेमला माहिती पाठवणारी) लो, म्हणजे शून्य व्होल्टवर, करायला विसरू नका. ती हाय (व्होल्टेजवर) राहिली तर त्या वाटेने मोडेममध्ये वीज झिरपते. तो धड बंद होत नाही, धड चालू राहत नाही, आणि पुढच्या वेळी उठायला कुरकुरतो.

सगळ्यात जास्त वीज जाते ती रेंज शोधण्यात. घाटात टॉवरचीच लाइट गेली की मोडेम पूर्ण ताकदीने हाका मारत बसतो. दीड मिनिटात नेटवर्कवर नोंदणी झाली नाही तर बंद करा, आकडे मेमरीत ठेवा, पुढच्या फेरीला एकदम पाठवा. पाठवताना क्षणभर 2 अँपिअरपर्यंत ओढ असते, तेव्हा मोडेमच्या अगदी शेजारी 1000 मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर हवाच.

दिवसातून एकदा पाठवलं तरी पुरे. हवामान खात्याचा पर्जन्यदिवस सकाळी 8.30 ते 8.30 असतो, तेव्हा त्यानंतर पाच मिनिटांनी पाठवा. दिवसाला काही मिनिटं चाललेला मोडेम चार-पाच मिलिअँपिअर-तासांत भागतो. मग लॉगरचाच खर्च डोळ्यांवर येईल!

आता तुमची खरी अडचण. आकडे पाठवून झाल्यावर मोडेम पाच मिनिटं चालू ठेवा. तुमचा एसएमएस कंपनीच्या सेंटरला थांबलेला असतो, मोडेम नोंदला की येऊन पडतो. त्यात ‘तासातासाला पाठव’ असा हुकूम देता येतो. पाऊस कोसळायला लागला तर लॉगरनेच मोडेम उठवावा. पर्जन्यमापकातली छोटी बादली भरून उलटली की रीड स्विच (चुंबकाने जुळणारा स्विच) क्षणभर जुळतो, त्याला जवळपास वीज लागतच नाही. मात्र इशाऱ्याला 24 तासांत 65 मि.मी.चा अतिवृष्टीचा सरकारी निकष घालू नका. तुमच्याकडे जुलैत तेवढा पाऊस रोजचाच. तासाला किती पडला ते बघा.

आणि जून लागायच्या आत सिमची व्हॅलिडिटी तपासा. रिचार्ज संपला की इनकमिंग एसएमएसही बंद होतात.