मॉनिटरचा दिवा लुकलुकतो पण स्क्रीन येत नाही. पॉवर सप्लाय दुरुस्त होईल का? आणि स्वस्तातला एवढ्या लवकर का गेला?

बहुतेक वेळा होतो. आउटपुटकडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे नळकांड्यासारखे भाग) आधी बघा. डोकं फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी चिकट डाग असेल तर चोर सापडलाच. दिसायला ठणठणीत असला तरी भरवसा नको; आतला द्रव आटला की ईएसआर (कपॅसिटरचा स्वतःचा आतला रोध) वाढतो, आणि तो साध्या मल्टिमीटरवर कळत नाही.

१०५ अंश सेल्सिअसवर २००० तास आयुष्य असलेला कपॅसिटर दर १० अंश कमी तापमानाला साधारण दुप्पट टिकतो. स्वस्तात मात्र ८५ अंशांचा माल टाकतात, तोही हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या, तापणाऱ्या धातूच्या पट्टीला) खेटून. मग दुसरं काय होणार!

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, १०५ अंशांचा लो-ईएसआर घ्या. पट्टीची बाजू निगेटिव्ह.

सावधान: २३० व्होल्टवर चालणाऱ्या सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो, प्लग काढल्यावरही राहू शकतो. तो रेझिस्टरमधून उतरवून मीटरने खात्री केल्याशिवाय बोट लावू नका. फ्यूज उडाला असेल तर नुसता फ्यूज बदलू नका. बहुधा मॉसफेट (वेगाने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) किंवा ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) शॉर्ट असतो.