मलम कुठलं घेऊ, हा दुसरा प्रश्न

मूळव्याधीचा प्रश्न माझ्याकडे सरळ दारातून फार कमी वेळा येतो. थकवा, चिडचिड, झोप नाही असं काहीतरी पुढं करून तो मागून येतो. तासगावच्या बाजूला शिकवणाऱ्या एका बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) सांगलीला माझ्याकडे आल्या, त्या 'हल्ली पोरांवर फार ओरडते' म्हणून. उठायची वेळ झाल्यावर त्यांनी पर्समधून पिळून चपटी झालेली ट्यूब काढली. 'मॅडम, हे किती दिवस लावलं तर चालतं ओ? डॉक्टरांना दाखवायची लाज वाटते.'

ट्यूबवर बारीक अक्षरात तीन औषधं होती. जागा बधिर करणारं लिग्नोकेन, रक्तवाहिन्या आकसवणारं फिनाइलेफ्रिन आणि बेक्लोमेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. भाच्याला पाठवून 'पाइल्सचं मलम' म्हणून आणवलेलं. असली स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्राने 2018 साली नियम कडक केला, पण काउंटरवर कोण विचारतं? बाई ते सहा महिने लावत होत्या. स्टेरॉइड आठवड्याच्या वर लावत राहिलं की तिथली नाजूक कातडी पातळ होते, खाज आणि आग वाढते, आणि आग वाढली की माणूस पुन्हा तेच मलम लावतो.

मलमाचं राहू दे, दिवस कसा जातो ते सांगा, म्हटलं. सकाळची एसटी, शाळेत बायकांना एकच संडास, त्याची कडी लागत नाही. म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. संध्याकाळी घरी येईपर्यंत सगळं दाबून ठेवायचं. मग शौचाला खडा, कुंथणं, रक्त. त्यात हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. देणाऱ्या डॉक्टरांना रक्त जातंय हे बाईंनी सांगितलंच नव्हतं! लोहाच्या गोळीने पुष्कळांना बद्धकोष्ठ होतं, म्हणजे दुखण्याला वर आणखी खतपाणी.

खरी भीती वेगळीच होती. 'डॉक्टरकडं गेलं की ऑपरेशनच सांगतील.' ही भीती स्टँडजवळच्या भिंतींवरच्या 'विना ऑपरेशन, एका इंजेक्शनात मुळासकट' वाल्यांना बरोबर ठाऊक असते. आतले मोड, म्हणजे गुदद्वारातल्या फुगलेल्या शिरांचे उंचवटे, लहान असतील तर बहुतेकांचं खाण्यापिण्यात बदल करून भागतं. नाही भागलं, तर मोडाच्या बुडाशी रबर बँड लावतात. ते ओपीडीत होतं, भूल द्यावी लागत नाही.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगत नाही. मिरजेतल्या एका लेडी सर्जनकडे पाठवलं. तपासणी काही मिनिटांत आटोपली. आतले पहिल्या पायरीचे मोड निघाले. मलम बंद, इसबगोल सुरू, लोहाच्या गोळीचं वेळापत्रक बदललं.

चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोष्टींत मला सगळ्यात वरचं स्थान इसबगोललाच द्यावंसं वाटतं. मलम ठणका दाबतं. मूळ दुखणं खड्यात असतं. पण इसबगोल म्हणजे नुसती भुशी फाकून झोपणं नव्हे. चमचा-दोन चमचे भरपूर पाण्यात ढवळायचे, लगेच प्यायचे, वर आणखी एक ग्लास पाणी. पाणी कमी पडलं तर तीच भुशी आत अडकून बसते. दुसऱ्या गोळ्या आणि ती यांच्यात दोनेक तासांचं अंतर ठेवावं. दुसरा उपाय फुकटचा आहे: टबात कोमट पाणी, दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून दोन-तीनदा. त्यात डेटॉल ओतू नका, सोललेल्या जागेची आग होते. संडासात मोबाइल नेऊ नका, हे तर मी सगळ्यांनाच सांगते आणि कुणीच ऐकत नाही.

लिग्नोकेनचं साधं मलम ठणका असेल तेवढे चार दिवस ठीक. फिनाइलेफ्रिन असलेलं मात्र बीपी, हृदय किंवा थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. पोटुशी बाईने तर कुठलंच नाही.

काचेने चिरल्यासारखं दुखत असेल तर तो मोड नसून चीर, म्हणजे फिशर असण्याची शक्यता जास्त. त्याचं औषध वेगळं. आणि रक्त पहिल्यांदाच दिसलं असेल तर 'मूळव्याधच असणार' असं घरी ठरवू नये. वय पंचेचाळीसच्या पुढं, वजन घटतंय, शौचाची सवय बदललीय, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता, यातलं एक जरी असलं तर आधी तपासणी. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतंच, पण डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं झालं किंवा रक्ताबरोबर चक्कर आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काउंटरवर तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर लिहून न्या: 'स्टेरॉइड नसलेलं, लिग्नोकेनचं मलम.' खाली आपलं वय, बीपी-शुगर आणि चालू गोळ्या लिहा. भाच्याला पाठवलं तरी कागद वाचला जाईल.