आधी एक ओळ वर जा

बायबलमधलं यिर्मया २९:११, म्हणजे 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत' हे देवाचं वचन वाचून 'ही नोकरी मला मिळणारच, देवाने सांगितलंय' असं तू ठामपणे म्हणालास. तुझा विश्वास मला मोलाचा वाटतो. पण एक ओळ वर जा. तिथे ७० वर्षं भरल्यावरच परत आणीन असं लिहिलंय! हा अध्याय म्हणजे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र, बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या यहुद्यांना लिहिलेलं. ऐकणाऱ्या थोरामोठ्यांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणारच नव्हती. आईच्या आजारपणात मीही हेच वचन कवटाळून बसलो होतो, म्हणून कळवळून सांगतो. अर्थ लागला तरी 'मला असं वाटतं' म्हण. प्रेषित पौलसुद्धा आपल्याला अंशतःच कळतं असं लिहितो. आणि एकटा वाचू नकोस. बायबलमधल्या कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्यानेही शास्त्र वाचताना अर्थ कळेना, तेव्हा सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाला रथात बसवून घेतलंच की. बुधवारी ये, एकोणतिसावा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचू.